फक्त : कागदाच्या तळाशी आलेला, बोलण्यात मुरलेला शब्द

लातूरच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या मालाची पट्टी होते तेव्हा तिच्यावर आधी पोती येतात, मग वजन, मग भाव, मग हमाली-तोलाईची वजावट आणि तळाला हाती पडणारी रक्कम. ती आधी आकड्यांत लिहितात आणि त्याखाली अक्षरांत : अक्षरी रुपये चोवीस हजार सहाशे फक्त. हा शेवटचा ‘फक्त’ रकमेत काही घालत नाही, तिच्यातून काही काढत नाही. पैसे थोडे आहेत असंही त्याला सुचवायचं नसतं. त्याचं काम राखणीचं आहे. सहाशेच्या पुढे कुणी गुपचूप ‘पन्नास’ घुसवू नये, म्हणून तो तिथे उभा असतो. याच रकमेचा चेक इंग्रजीत लिहिला, तर त्याच जागी ‘ओन्ली’ येतं. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार आकडा आणि अक्षर यांत फरक पडला, तर अक्षरी रक्कम खरी धरतात. मग अक्षरांच्या शेपटीला कुंपण हवंच. कायदा ‘ओन्ली’ लिहा असं सांगत नाही, तरी आपल्याकडे ते लिहिल्याशिवाय चेक पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

‘ओन्ली’ हा इंग्रजीतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रियाविशेषणांपैकी एक. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘आन्-लिक्’ या जोडशब्दात आहे. ‘आन्’ म्हणजे एक, ‘लिक्’ म्हणजे अंग किंवा रूप. एकाच रूपाचा, दुसरा जोडीला नसलेला, असा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीत ‘ओन्ली सन’ म्हणतात, तिथे आपण एकुलता मुलगा म्हणतो. तिकडेही ‘एक’ आणि इकडेही ‘एक’. या एकटेपणातूनच ‘तेवढाच, त्यापलीकडे नाही’ हा अर्थ निघाला.

‘फक्त’ची वाट मात्र अगदी निराळी. तो मूळ अरबी : फ आणि क़त. ‘फ’ म्हणजे तर, मग. ‘क़त’ म्हणजे पुरे, बस. अरबीत याच अक्षरांच्या धातूचा अर्थ आडवं छाटणं असा आहे. बोरूचं टोक चाकूनं तिरकं उडवतात, त्या छाटीलाही फारसी-उर्दूत ‘क़त’च म्हणतात. आपल्याकडेही बोरूच्या टोकाला कत म्हणत. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचं अर्धं कसब त्या कतीवर असे. म्हणजे इंग्रजी शब्द एकटेपणातून आला आणि आपला तोडण्यातून. इथे तोडा, पुढे काही नाही. लेखणीशी इतकं जवळचं नातं असलेला हा शब्द कागदाच्या तळाशी जाऊन बसला, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत तो कसा आला, कुणाच्या हातून मुरला आणि कशाच्या बदल्यात मुरला, हे पाहिलं की मराठवाड्याच्या भाषेचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. तो फर्मानांचा आणि बंदीहुकमांचा आहेच. पण फर्मानं सुटायच्या कितीतरी आधीपासून तो माणसांचाही आहे.

कंधार, औसा, उदगीर या तीन किल्ल्यांवर फारसी-अरबी शिलालेख आजही दिसतात. कंधार नांदेड जिल्ह्यातलं, बाकीचे दोन लातूरमधले. बहमनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं, पुढच्या शतकात त्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली आणि उदगीर राजधानीच्या दाराशी आलं. बहमनी मोडल्यावर हा मुलूख बरीदशाही, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या ओढाताणीत राहिला. १६३१ मध्ये कंधार आणि १६३६ मध्ये उदगीर, औसा मोगलांनी घेतले. १७२४ नंतर आसफजाही, म्हणजे निजाम. धनी बदलत गेले, पण दफ्तराची रीत बरीचशी तीच राहिली. वरच्या दरबाराची भाषा फारसी आणि गावच्या वहीची मराठी. दख्खनमधल्या जुन्या कागदांत वर फारसी मजकूर आणि खाली तोच मोडीत, अशी जोड अनेकदा दिसते. वरचा भाग मुनशीनं लिहिलेला, खालचा देशपांडे-कुलकर्ण्यानं. एकाच कागदावर दोघांचे हात चालत असतील, तर शब्द वरून खाली झिरपणारच.

झिरपले ते आधी नामांच्या रूपानं : जमीन, महसूल, वसूल, बाकी, तगादा, जप्ती, अर्ज, दस्त, शेत पाहायला येणारा अंमलदार आणि त्याच्यासोबतचा शिपाई. राज्यकर्त्यानं एखादी नवी वस्तू, नवा अधिकारी, नवा कर आणला की त्याचं नावही येतं, ते समजण्यासारखं आहे. पण ‘फक्त’ ही काही वस्तू नव्हे. ‘जरा’, ‘जरूर’, ‘बिलकूल’, ‘हमेशा’ हे त्याचे सोबतीही वस्तू नव्हेत. असे शब्द बाजारातून किंवा कचेरीतून उचलून आणता येत नाहीत. दुसऱ्याची वाक्यं ऐकत ऐकत, त्याच्यासारखं बोलत बोलत ते अंगी लागतात. म्हणून एखाद्या भाषेत परकी नामं किती आली याच्यापेक्षा परकी क्रियाविशेषणं किती आली, हे मला जास्त बोलकं वाटतं. त्यावरून दोन माणसं एकमेकांशी किती आणि कशी बोलत होती, याचा अंदाज येतो.

कागद संपला हे सांगण्याची गरज सगळ्याच दफ्तरांना असते. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची मुद्रा आहे. पेशवाईत ‘लेखनसीमा’ होती. दोन्हींचा भाव एकच : लेखनाची हद्द इथे संपली, याखाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे. फारसी आणि पुढे उर्दू कागदांत हेच काम शेवटचा ‘फ़क़त’ करी. रकमेच्या बाबतीत तर दुहेरी पहारा असे. दस्तात रक्कम लिहिली की लगेच तिची निम्मी रक्कमही लिहायची : मुबलिग शंभर रुपये, निस्फ ज्याचे पन्नास रुपये. कुणी शंभराचे दोनशे केले, तरी पन्नास त्याचं बिंग फोडणार. हा ‘निस्फ’ आता दस्तांतून जवळपास गेला. ‘फक्त’ तेवढा राहिला.

महाराजांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राज्याभिषेकानंतरच्या काळात. फारसी-अरबी राज्यशब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत मांडलेला आहे. या वर्गांची नावं वाचली तरी कोशाचा रोख कळतो : पदं, वस्तू, जागा, शस्त्रं, माल. पेशवा झाला पंतप्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव. हे काम मोठं होतं आणि त्याचा परिणामही दिसला. मराठी पत्रांतल्या फारसी शब्दांचं प्रमाण शिवकाळानंतर कसं उतरत गेलं, हे वि. का. राजवाड्यांनी शब्द मोजून दाखवलं. पण कोश मुख्यतः नामांचा. वाक्याच्या सांध्यात बसलेल्या बारीक शब्दांपर्यंत कुणाचा हुकूम पोचत नाही, तसा तो तेव्हाही पोचला नाही. मोल्सवर्थनं १८३१ मध्ये आपला मराठी-इंग्रजी कोश छापला, त्यात फारसी आणि अरबी शब्दांपुढे त्यांच्या कुळाच्या खुणा केल्या. त्याही कोशात ‘फक्त’ आहे, अरबी कुळाचा पण मराठी घरातला म्हणून.

स्वराज्याच्या मुलखात फारसी ओसरत असताना नांदेड, कंधार, औसा, उदगीर, निलंगा या भागात ती आणखी दीडशे-दोनशे वर्षं राज्य करत होती. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगिरास निजामाला खडे चारले, मोठा मुलूख तहात मिळाला, पण दफ्तराची भाषा इथे काही पालटली नाही. पहिले सालारजंग दिवाण असेपर्यंत हैदराबाद राज्याची दरबारी भाषा फारसीच होती. १८८३ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी उर्दूनं फारसीची जागा घ्यायला सुरुवात केली. त्याआधी १८६५ मध्ये सालारजंगांनी जिल्हाबंदी केली होती. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, चार-पाच जिल्ह्यांवर सुभेदार. नावं तीच राहिली, लिपीही तीच राहिली, कागदावरची भाषा तेवढी फारसीची उर्दू झाली. गावात मात्र पटवाऱ्याची वही मराठीच.

या व्यवस्थेत नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला तहसीलदाराकडे दाद मागायची असेल, तर काय घडे ते जरा जवळून पाहू. राज्यात चौघांतला एक मराठी बोलणारा होता, आणि या भागात तर बहुतेक सगळेच. शेतकरी आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगणार. कचेरीबाहेर बसलेला अर्जनवीस ते ऐकणार आणि उर्दूत उतरवणार. अर्जाची सुरुवात ‘बखिदमत जनाब तहसीलदार साहब’ अशी. गाऱ्हाणं करणारा स्वतःला ‘फिदवी’ म्हणवणार, म्हणजे आपल्यावरून जीव ओवाळून टाकणारा. मजकूर झाला की ‘वाजिब था, अर्ज किया’, आणि मग ‘फ़क़त’. खाली तारीख फसली सनाची : महिना आजूर, दै, बहमन किंवा इस्फंदार, साल इसवी सनातून ५९० किंवा ५९१ वजा करून. १९३८ च्या अखेरीचा कागद १३४८ फसलीचा. त्याखाली अंगठा.

अंगठा उठवण्याआधी अर्ज वाचून दाखवत. उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या त्या ओळींतलं शेतकऱ्याला किती उमगत असेल, ते वेगळं सांगायला नको. पण शेवटचा ‘फ़क़त’ ऐकला की त्याला कळे, झालं, आता अंगठा. एवढ्या परक्या मजकुरात ओळखीचा असा हा एक शब्द, आणि तो त्याच्या स्वतःच्या मराठीतही होताच. खेड्यात त्याचं रूप ‘फकस्त’. ‘फकस्त दोन बैलं ऱ्हायलीत.’ ‘फकस्त’च्या शेजारी अस्सल देशी ‘नुसतं’ही होतं, मराठवाड्याच्या तोंडी ‘निस्तं’ : निस्तं बसून खातोय. आणि पोथीतलं, कीर्तनातलं ‘केवळ’ होतं. तिघांनी कामं वाटून घेतली. मोजमाप आलं की फक्त, निरुपयोग आला की नुसतं, भक्ती किंवा गांभीर्य आलं की केवळ. ‘केवळ तुझ्या कृपेनं’ म्हणतात, तिथे ‘फक्त’ घातला तर वाक्य उभंच राहत नाही. परका शब्द आला, पण त्यानं कुणाला घराबाहेर काढलं नाही. रिकाम्या कोपऱ्यात तो राहायला आला.

पैशाचा दस्त असेल तर आणखी एक गोष्ट लिहावी लागे : रुपया कोणता. निजामाचा स्वतःचा रुपया हाली किंवा उस्मानिया सिक्का, इंग्रजांचा कलदार. सहा कलदारांना सात हाली, असा साधारण भाव. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली आणि लातूरच्या पेठेचा इंग्रजी मुलखाशी रोजचा व्यवहार सुरू झाला. एकाच आडत्याच्या वहीत दोन्ही रुपये नांदू लागले. रक्कम, तिचा सिक्का, तिची निम्मी आणि मग ‘फक्त’ एवढं झालं की व्यापारी निर्धास्त. मराठी रोजमेळात हा शब्द इतका घट्ट बसला, तो या पेठेमुळेही. धान्य, कापूस, सरकी यांचा व्यापार करणारे मराठी, मारवाडी, लिंगायत, मुसलमान, सगळ्यांच्याच वह्यांच्या तळाशी तो होता.

या गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते, आणि ती सांगावी म्हणूनच मी हे लिहितो आहे. फारसी-उर्दूकडून मराठीनं ‘फक्त’ घेतला. त्याच अर्थाचा मराठीचा स्वतःचा शब्द दखनीनं, म्हणजे दख्खनमधल्या उर्दू बोलीनं, घेतला. तो म्हणजे ‘च’.

शालेय व्याकरणात कैवल्यवाचक शब्दयोगी अव्ययांची यादी असते : च, मात्र, पण, फक्त, केवळ. या यादीत ‘च’ सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत समर्थ. इंग्रजीत ‘ओन्ली’ वाक्यात कुठे ठेवावं यावर व्याकरणकारांनी पानंच्या पानं लिहिली, कारण त्याची जागा हलली तरी अर्थ नेमका कुठे चिकटला हे दर वेळी कळत नाही. ‘च’ची ती अडचणच नाही. नांदेडलाच गाडी थांबते, नांदेडला गाडीच थांबते, नांदेडला गाडी थांबतेच. ज्याला चिकटला त्याच्यावर जोर, संशयाला जागा नाही.

हा ‘च’ दखनी बोलणाऱ्यांनी उचलला. हैदराबाद, बिदर, उदगीर, नांदेड, कुठेही जा : मैंइच, तूइच, वोइच, ऐसाइच, कलइच. दिल्ली-लखनौच्या उर्दूत या जागी ‘ही’ आहे. ‘च’ तिथे कुणाला समजणारही नाही. दखनीचा अभ्यास करणाऱ्यांनी हा ‘च’ मराठीतून आल्याचं नोंदवलं आहे, आणि तो आजकालचा नाही. कुतुबशाही काळच्या दखनी लिखाणातही तो सापडतो. दखनी साहित्यातली सर्वांत जुनी मानली जाणारी रचना, निजामीची ‘कदमराव पदमराव’, पंधराव्या शतकात बिदरच्या बहमनी दरबारी झाली. उदगिराहून बिदर असं कितीसं लांब? एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी आणि तेलुगू, मध्ये उत्तरेकडून आलेल्या फौजांची आणि फकिरांची बोली. या सगळ्यांच्या बाजारात, दर्ग्यात, छावणीत, स्वयंपाकघरात जी भाषा तयार झाली, तिनं जोर देण्यासाठी मराठीचा ‘च’ पसंत केला.

यात मला फार मोठी गोष्ट दिसते. ‘फक्त’ वरून आला. त्याच्यामागे दरबार होता, दफ्तर होतं, मोहोर होती. ‘च’च्या मागे काहीही नव्हतं. तो शिकवणारी शाळा नव्हती, तो लिहायला लावणारी कचेरी नव्हती. मराठी बोलणारी सुईण, भाजीवाली, कोष्टी, शेतमजूर हेच त्याचे शिक्षक. राज्यकर्त्यांच्या बोलीत रयतेचा शब्द असा शिरतो, तेव्हा दोन समाज एकमेकांशेजारी पिढ्यान्पिढ्या राहिले याचा तो कोणत्याही शिलालेखाइतका पक्का पुरावा असतो.

हाच ‘च’ पुढे इंग्रजीतही गेला, ‘ओन्ली’चं सोंग घेऊन. ‘आय अॅम फ्रॉम नांदेड ओन्ली’ असं आपली मुलं म्हणतात, तेव्हा त्यांना ‘मी नांदेडचाच’ म्हणायचं असतं. हिंदीभाषक ‘ही’साठी तेच करतात, दक्षिणेकडचे आपापल्या प्रत्ययासाठी. भारतीय इंग्रजीतल्या या ‘ओन्ली’वर भाषाशास्त्रज्ञांनी स्वतंत्र अभ्यास केले आहेत, जोर दाखवण्याची ती एक रीत आहे असं ते मानतात. शाळेत यासाठी मुलांना टोकलं जातं. परीक्षेपुरतं प्रमाण इंग्रजी शिकवावं हे ठीक, पण त्यासाठी मुलाला लाजवण्याचं काही कारण नाही. त्याच्या वाक्यात त्याच्या आजीची मराठी आहे.

गोडवा एवढाच सांगून थांबलो, तर मात्र अन्याय होईल. ज्या काळात ‘च’ आणि ‘फक्त’ यांची देवघेव बोलण्यात सुखानं चालली होती, त्याच काळात शाळेत आणि सभेत मराठीची गळचेपी होत होती. १९१७ च्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ ही देशातली फार मोठी घटना. भाषांतराचं खास खातं उघडून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. पण ती देशी भाषा राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठी मुलगा प्राथमिक शाळा संपवून वर गेला की उर्दूच्या भिंतीशी थबके. खासगी शाळांवर निर्बंध आले. १९२९ ची गश्ती निशाण ५३, म्हणजे त्या क्रमांकाचं परिपत्रक, आली आणि परवानगीशिवाय सभा घेणं कठीण झालं. हिप्परगा या गावातली राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये निघाली ती या घुसमटीतूनच. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ या भागात आले ते याच शाळेत शिक्षक म्हणून. १९३८ मध्ये उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यापीठ सोडावं लागलं आणि त्यांतले अनेक नागपूरला शिकायला गेले. मुक्तिसंग्रामात भाषेचं दुःख असं खोल भिनलेलं होतं.

या संग्रामाची एक खूण पैशाच्या हिशेबातही आहे. १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक निघाली. याच बँकेची उमरीतली शाखा ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. नांदेड जिल्ह्यातल्या या लुटीत वीस लाखांवर रक्कम हाती आली, आणि ती चळवळीसाठी हिशेबासकट पोचती झाली याचा अभिमान आजही उमरीकरांच्या बोलण्यात असतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. बँक मात्र टिकली. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून मराठवाड्याच्या तालुक्यातालुक्यात पसरली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

१९५६ मध्ये भाषावार रचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये त्यातूनच निघाला. महाराष्ट्र झाल्यावर लगेच भाषा संचालनालय उभं राहिलं. १९६२ मध्ये पदनाम कोश आला. अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टर उडवली, पण त्यातली कितीतरी पदनामं आज आपण सहज वापरतो. अव्वल तालुकदार गेला, जिल्हाधिकारी आला. गश्ती गेली, परिपत्रक आलं. भाषाशुद्धीच्या चळवळीतला ‘दिनांक’ सरकारी कागदावर ‘तारीख’च्या जागी बसला. पण शासनाच्या कुठल्याही छापील अर्जाच्या कोपऱ्यातली चौकट पाहा : फक्त कार्यालयीन उपयोगासाठी. तीनशे वर्षांच्या अंतरानं दोन कोश झाले, एक महाराजांच्या आज्ञेनं आणि एक लोकशाही सरकारच्या. दोन्ही वेळा पदं बदलली आणि हा शब्द जिथल्या तिथे राहिला. माझ्या मते तो काढायचं कारणही आता नाही. ज्यानं मराठीत पाच-सहा शतकं मजुरी केली, त्याच्याकडे कूळ विचारण्यात काय हशील?

कूळ जाणून घेणं वेगळं. ते माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ करून केलं. आणि आपल्या भागात ते काम ज्यांनी आयुष्यभर केलं, ते सेतुमाधवराव पगडी १९१० मध्ये निलंग्यात जन्मले. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, फारसी या भाषा त्यांना घरच्यासारख्या. आदिलाबादकडे नोकरीत असताना ते गोंडीही शिकले. निजामी प्रशासनात ते अधिकारी होते, नंतर महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचं काम त्यांनी पाहिलं, आणि मोगल दरबाराची बातमीपत्रं फारसीतून मराठीत आणून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची एक बंद खोली उघडली. निजामाच्या राज्यात शिकावी लागलेली भाषा त्यांनी मराठीच्या कामाला लावली. उर्दूचा राग धरून ती विसरणं त्या पिढीला सोपं होतं, पण पगडींनी तसं केलं नाही, हे त्यांचे आपल्यावरचे मोठेच उपकार मानायला हवेत.

कारण ते कागद अजून जिवंत आहेत. मराठवाड्यात जमिनीचा वाद उभा राहिला की आजही खासरा पत्रक, सेतवार, इनामाचा मुंतखब शोधावा लागतो. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली निजामकालीन बासनं सोडावी लागली, हैदराबादच्या दफ्तरांतही जावं लागलं, आणि गाडी अडली ती उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्या माणसांच्या तुटवड्यापाशी. मोडीचे वर्ग आता ठिकठिकाणी निघाले आहेत. निजामी दफ्तराची शिकस्ता, म्हणजे भरभर लिहिलेल्या मोडक्या अक्षरातली, उर्दू वाचायला शिकवणारे वर्गही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि लातूर-उदगिराच्या महाविद्यालयांत तितक्याच नेटानं चालायला हवेत. ती लिपी ओळखणारी जुनी जाणती माणसं या गावांत अजून आहेत. त्यांच्याशेजारी दोन-दोन मराठी मुलं बसवली, तर पुढच्या पिढीला आपल्या पणजोबांचा अर्ज ‘बखिदमत’पासून ‘फ़क़त’पर्यंत स्वतः वाचता येईल.